फ्रीजमध्ये ठेवूनही स्ट्रॉबेरीला बुरशी का लागते?

थंडी सुरू झाली की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घोडबंदर, मिरा-भाईंदरपर्यंत येते. २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालेलं हे फळ घाटातून निघून खाडीकाठच्या दमट हवेत पोहोचतं आणि दोनच दिवसांत त्यावर राखाडी बुरशी दिसते.

असं का होतं?

स्ट्रॉबेरीची साल अगदी पातळ असते. 'बोट्रायटिस' बुरशीचे बीजाणू अनेकदा शेतातूनच फळासोबत येतात आणि ओलावा मिळाला की वाढतात. फ्रीजमध्ये ही वाढ मंदावते, थांबत नाही. म्हणून आणल्या आणल्या धुऊन ओलीच ठेवलेली स्ट्रॉबेरी लवकर खराब होते.

मग काय करायचं?

– दबलेली, बुरशी लागलेली फळं आधी काढून टाका. बुरशीचा भाग कापून उरलेलं फळ खाऊ नका, मऊ फळात ती आतपर्यंत गेलेली असू शकते.
– बाकीची देठासकट, न धुता, टिश्यू पेपरवर एका थरात पसरून फ्रीजमध्ये ठेवा.
– खायच्या वेळीच धुवा.

कोथिंबीर, पालेभाज्याही कोरड्याच ठेवा आणि केळ्यांपासून लांब. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पानं लवकर पिवळी पडतात.

तोडलेली स्ट्रॉबेरी पुढे पिकत नाही, त्यामुळे थांबून गोडी वाढणार नाही. लगेच संपणार नसेल, तर धुऊन, पूर्ण कोरडी करून फ्रीझरमध्ये टाका. नंतर मिल्कशेकला कामी येईल.