आधी साल, मग फोडी

तिगाव-पांढुर्ण्याचा आमचा पट्टा संत्र्यांचा. मराठीत संत्र्याची साल काढतात. कानडीत 'साल' म्हणजे कर्ज. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या वाचकांना वारशाचा नियम एवढ्यावरच कळावा: आधी साल काढायची, मग फोडी वाटायच्या.

तेरवी उरकली की वाटणीची बोलणी सुरू होतात. आमच्याकडचा खसरा असो, महाराष्ट्राचा सातबारा असो की कर्नाटकातली पहाणी, नाव चढवण्याची घाई सगळीकडे सारखीच. मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून नेमलेल्या थोरल्या भावाकडे किंवा मामाकडे सगळे डोळे लावून बसतात. गेलेल्या माणसाचा आयकर मात्र कुणाच्या ध्यानात नसतो. 'माणूसच गेला, आता कर कसला?' असे सुशिक्षित घरांतही ऐकू येते.

एके काळी हे म्हणणे कोर्टातही टिकले होते. 1930 च्या सुमारास एलिस रीड प्रकरण मुंबई हायकोर्टापुढे आले. नोटीस मिळाल्यावर, पण कर ठरण्याआधीच करदाता वारला होता. मृताच्या नावे कर ठरवण्याची सोय कायद्यात नाही, असा निकाल लागला. सरकारने 1933 मध्ये कायदा बदलून ही फट बुजवली. 1961 च्या आयकर कायद्यात तेच कलम 159 झाले आणि त्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्यातही तत्त्व तेच आहे.

इस्टेट ड्युटी, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर, 16 मार्च 1985 पासून बंद झाला. त्यामुळे वारशाने मिळालेल्या रकमेवर आज कर नाही. पण मृताच्या स्वतःच्या उत्पन्नावरचा कर माफ होत नाही.

समजा, एक निवृत्त गुरुजी ऑक्टोबरमध्ये वारले. बागेचे उत्पन्न शेतीचे, ते आयकरातून मुक्त. पेन्शन, ठेवीचे व्याज आणि दुकानगाळ्याचे भाडे मात्र करपात्र. 1 एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे विवरणपत्र त्यांच्याच पॅनवर भरायचे. त्यासाठी मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा जोडून आयकराच्या पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंद करावी लागते. पुढे वाटणी पुरी होईपर्यंत येणाऱ्या व्याज-भाड्याचा हिशेब एक्झिक्युटर या नात्याने वेगळा द्यायचा.

हा कर मृताच्या मिळकतीतून भरायचा. ती पुरेल तेवढीच जबाबदारी. पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. पण कर बाकी असताना मालमत्ता विकली किंवा वाटून टाकली, तर तेवढ्या किमतीपुरता एक्झिक्युटर स्वतः अडकतो. भावंडांनी आपापला वाटा घरी नेलेला असतो आणि नोटीस मात्र याच्या दारी येते. नात्यात वितुष्ट येते ते इथेच.

नॉमिनी म्हणजे मालक, हाही एक गैरसमज. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या वादात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले की, नॉमिनेशनमुळे शेअर्स व म्युच्युअल फंडांवर इतर वारसांचा हक्क बुडत नाही. नॉमिनीच्या हाती आलेला पैसाही या हिशेबातच धरावा.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कुणी एक्झिक्युटर असेल, तर त्याच्यामागे वाटणीचा तगादा लावू नका. क्रियाकर्माचा खर्च, देणी आणि कर चुकते होईपर्यंत त्याला सवड द्या. मृत्युपत्र करणाऱ्यांनीही पॅन, पासबुके आणि जुनी विवरणपत्रे कुठे ठेवली आहेत, ते त्याला आजच सांगून ठेवावे.