सोलापूर आणि इस्लामचा अभ्यास : साडेतीन दशकांचा मागोवा

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलन साहित्याचे होते खरे, पण मुस्लिम समाजाकडे अभ्यासाच्या नजरेने बघण्याची सवय आपल्या भागाला लागली ती तिथून, असे मी मानतो. त्यामागे उभे होते प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर.

बेन्नूर सर संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचे. इस्लामचा अभ्यास म्हटला की तोवर दोनच वाटा डोळ्यांपुढे यायच्या : एक मदरशाची, दुसरी अलीगढ किंवा उस्मानियाची. सरांनी तिसरी पाडली. इथला मुसलमान म्हणजे एकजिनसी जमात नव्हे. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी या बिरादऱ्या, त्यांचे धंदे, त्यांची बोली आणि त्यांची गरिबी समजून घेतल्याशिवाय त्याच्याविषयी बोलू नये, हा त्यांचा आग्रह. हमीद दलवाईंनी धर्मसुधारणेवर भर दिला, बेन्नूरांनी समाजरचनेवर. मुस्लिम ओबीसी चळवळीला वैचारिक बळ मिळाले ते याच मांडणीतून. हिंदुत्ववादी राजकारण आणि मुस्लिम जमातवाद या दोहोंवर त्यांनी सारख्याच परखडपणे लिहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले.

पुढच्या पिढीने काम थांबवलेले नाही. सोलापुरातल्या गाजीउद्दीन रिसर्च सेंटरमधून इतिहासलेखन चालू आहे. सरफराज अहमद यांनी टिपू सुलतानावर ‘सल्तनत-ए-खुदादाद’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून इकडे आली. तरीही मागे वळून पाहताना एक गोष्ट टोचत राहते : हा अभ्यास व्यक्तींच्या जिवावर चालला, वर्गाच्या जिवावर नाही. माणूस गेला की टिपणे उरतात, शिष्यपरंपरा उरेलच असे नाही.

अडचण कुठे आहे, ते आपला भुईकोट सांगतो. हुसेन निजामशहाने चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी लावले तेव्हा हा किल्ला आंदण दिला. त्याआधीच्या पिढीत बुऱ्हाण निजामशहाच्या लग्नातही सोलापूरचाच सौदा ठरला होता आणि तो पाळला गेला नाही म्हणून लढाया झाल्या. ही हकिकत लिहिली फिरिश्ताने, विजापूरच्या दरबारात बसून, फारसीत. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर इतिहासाचे पदवीधर राहतात, पण मूळ मजकूर त्यातले किती जण वाचू शकतील? ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड सिद्ध केले, पंढरपूरच्या विठ्ठलावरही त्यांनीच लिहिले. एकाच अभ्यासकाच्या टेबलावर या दोन गोष्टी सुखाने नांदत होत्या.

आदिलशाही फर्माने हाताळली की फारसीची ही निकड फारच जाणवते. कित्येक फर्मानांवर वर फारसी मजकूर असतो आणि खाली तोच आशय मोडीत, मराठीत. कारकुनाला वरचे कळायचे, पाटलाला खालचे. आज आपल्याकडे मोडी शिकलेली मुले सापडतात, फारसी शिकलेली हैदराबादेत. दोघे एका कागदापुढे बसल्याशिवाय तो कागद पुरता बोलणार नाही. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणतात ती माझ्या लेखी ही.

आणि अंतर तरी किती? विजापूर शंभर किलोमीटर, बंदानवाजांचे गुलबर्गा त्याहून थोडे पुढे, हैदराबाद एका रात्रीचा प्रवास. १९५६ पर्यंत सोलापूर आणि विजापूर एकाच मुंबई राज्यात होते. भाषावार रचनेने राज्ये वेगळी केली ते योग्यच झाले, पण अभ्यासही त्याच रेषेवर तुटला. रिचर्ड ईटन हा अमेरिकन संशोधक विजापूरच्या सूफींवर ग्रंथ लिहून गेला, तो १९७८ मध्ये छापला गेला. बायका दळताना म्हणायच्या ती दखनीतली चक्कीनामे त्याने त्यात तपासली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची ही सख्खी बहीण. ओव्या जमवणाऱ्या मराठी अभ्यासकांनी आणि चक्कीनामे जाणणाऱ्या दखनीच्या अभ्यासकांनी एकत्र बसावे, यासाठी कुणाला साता समुद्रापलीकडून यावे लागू नये.

आता नियम आडवे येत नाहीत. २०२१ पासून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यापीठात एखादा विषय केला तर त्याचे श्रेयांक इथल्या पदवीत धरता येतात. हैदराबादला मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे. तिथल्या मुलांनी एक सत्र सोलापुरात मोडी शिकावी, बेन्नूरांची पुस्तके मराठीतून वाचावीत. इथल्यांनी तिकडे फारसी आणि दखनी गिरवावी. राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि मुलींच्या घरच्यांची समजूत, ही तीन कामे मात्र कोणत्याही परिपत्रकाने होत नाहीत. ती प्राध्यापकांनाच करावी लागतील, आणि करायची तर येत्या प्रवेशांच्या आत.