तंबूतला फ्रीज आणि आईचे इन्शुलिन

१८३३ साली बोस्टनहून जहाजाने निघालेले बर्फ चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. पुढे मुंबईनेही परदेशी बर्फासाठी बर्फघर बांधले. आज तोच गारवा मोटारीच्या डिकीत मावतो. फक्त त्याला वीज लागते, आणि खरी गोम तिथेच आहे!

गेल्या मे महिन्यात काजवे पाहायला आम्ही गिरगावातून भंडारदऱ्यास गेलो. आईचे इन्शुलिन लहान फ्रीजमध्ये ठेवले आणि फ्रीज मोटारीच्याच बॅटरीला जोडला. पहाटे पाहतो तो फ्रीज मुका आणि मोटारही मुकी! मदत मिळेतो उन्हे चढली आणि बाटल्यांचा भरवसा उरला नाही. चूक माझीच. इंजिन सुरू करणारी बॅटरी क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी असते. रात्रभर थोडेथोडे देत राहणे हे तिचे काम नव्हे.

लॅमिंग्टन रोडवरचे एक दुकानदार म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आधी हिशेब मांडा, मग बॅटरी निवडा.”

मांडला. असा फ्रीज चालू असताना १२ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर घेतो. दिवसाचे ८ तास चालला, तर ३२ अँपिअर-तास; दोन दिवसांचे ६४. कडक उन्हात ठेवला, तर याच्या दीडपट! शिशाच्या बॅटरीचा शोध १८५९ चा, प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाचा. तिच्या १०० अँपिअर-तासांपैकी निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचे आयुष्य घटते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या तेवढ्याच बॅटरीतून ८० सहज मिळतात. पहिलीचे वजन २५-३० किलो, दुसरीचे साधारण १२. चाळीचे तीन जिने चढणाऱ्याला याहून अधिक काय सांगावे? किंमत जास्त, तरी दुसरीच घेतली. तिच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवला आणि मोटारीतून ती भरण्यासाठी वेगळा चार्जर घेतला.

इन्शुलिनचे पथ्यही समजून घेतले. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्यात, पण गोठू देऊ नयेत. उघडलेली बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे चालते.

यंदा पुन्हा निघालो, तेव्हा आईने फ्रीजशेजारी ओले फडके गुंडाळलेले एक मडके ठेवले. उघडलेली बाटली त्यात!

“यंत्र रुसलं, तर हे आहे हो,” ती म्हणाली.