हलक्या यंत्राला भक्कम पाया का?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज परिसरात काळ्या रानातून भर उन्हाळ्यात कधी चालला आहात का? जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटतात. माती बाहेरून येत नाही. आक्रसलेली मातीच फुगते.

अशा जमिनीवर फिरती आरागिरणी मांडायची आहे, असे समजा. तिची पट्टा-करवत दोन रुळांवरून सरकते आणि मधल्या ओंडक्याच्या फळ्या काढते. रूळ मध्येच ५ मिलिमीटर उचलले गेले, तर करवतीची वाटही वाकते आणि फळी धनुष्यासारखी निघते. रूळ पिळले गेले, तर पाते अडकून तुटू शकते. मग प्रश्न केवळ फळीचा राहत नाही, जवळ उभ्या असलेल्या माणसाचाही होतो.

"यंत्र हलके आहे, त्याला पाया कशाला?" असे कोणी विचारील. थोडा हिशेब करू. यंत्र ६०० किलोग्रॅमचे धरा. ३ मीटर लांब आणि ४० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका सुमारे ३०० किलोग्रॅम भरेल. हे ९०० किलोग्रॅम वजन ३० सेंटीमीटर बाजूच्या सहा चौकोनी ठोकळ्यांवर वाटले गेले, तर दर चौरस सेंटीमीटरवर जेमतेम १/६ किलोग्रॅम भार येतो. फुगणारी काळी माती याच्या कितीतरी पट जोराने वर रेटू शकते! म्हणजे यंत्र हलके, म्हणूनच ते उचलले जाण्याची भीती अधिक.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांमध्ये पाणी शिरले, की थर दूर सरकतात.

मग उपाय काय? काळ्या मातीचा थर उथळ असेल, तर तो खालच्या मुरमापर्यंत काढून टाकावा. खड्ड्यात न फुगणारा मुरूम १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी, थोडे पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून भरावा. मात्र भोवतालच्या काळ्या मातीमुळे हा खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवील. म्हणून ओटा जमिनीहून उंच ठेवावा, पृष्ठभागाला उतार द्यावा आणि पाणी दूर नेणारी चर खणावी. वर काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांवर स्क्रू-जॅक बसवले, की उरलासुरला फरकही काढता येतो. दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का, हे पारदर्शक नळीत पाणी भरून तपासावे. थर फार खोल असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

आता एक प्रयोग करा. कोरडी काळी माती कुटून बारीक चाळणीने चाळा. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० घन सेंटीमीटर माती घ्या. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओता. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तासांनी मातीची उंची पाहा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. हाच प्रयोग मुरमाचा चुरा घेऊनही करा. पाया कशावर घालायचा, ते मोजपात्रच तुम्हांला सांगेल. मात्र रॉकेल शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि विस्तवापासून दूरच वापरा.