वयाची गणना

संगणकास दोन तारखा दिल्या कीं वय बिनचूक निघतें, अशी पुष्कळांची समजूत आम्हांस आढळते. ३१ डिसेंबर २०१८ रोजीं जन्मलेलें मूल घ्या. १ जानेवारी २०२४ रोजीं त्यास पांच वर्षें व एक दिवस झाला. परंतु एस्‌क्यूएल सर्व्हर या डेटाबेसांतील ‘डेटडिफ’ फंक्शनास वर्षांचें अंतर विचारल्यास उत्तर येतें सहा! कारण तें पूर्ण झालेलीं वर्षें मोजीत नाहीं; नव्या वर्षाचा उंबरठा किती वेळां ओलांडला, एवढेंच पाहतें. पहिलीच्या प्रवेशास सहा वर्षें पूर्ण हवीं असल्यास हें पांच वर्षांचें बालक (बिचारें!) खुशाल वर्गांत बसविलें जाईल. माय-एस्‌क्यूएलमधील ‘टाइमस्टॅम्पडिफ’ मात्र पूर्ण वर्षेंच मोजून पांच सांगतें. ‘डेटडिफ’ वापरणारानें त्या वर्षींचा वाढदिवस अद्याप यावयाचा असल्यास उत्तरांतून एक वजा करावा.