विझणाऱ्या रंगाची साक्ष

काँगो रेड या रंगाचं मला फार जुनं वेड आहे. पॅथॉलॉजीची पुस्तकं त्याला ‘अमिलॉइड (शरीरात साचणारे प्रथिनांचे तंतू) ओळखायचा रंग’ म्हणून एका ओळीत उरकतात. तो ज्याने शोधला त्या पाउल ब्योटिगरचं नावही घेत नाहीत. हा गृहस्थ बायर कंपनीच्या नोकरीतला रसायनज्ञ. तुरटीसारखं काही आधी न लावता थेट सुतावर बसणारा हा लाल रंग त्याने १८८३ मध्ये काढला. बायरला तो नको होता, असं सांगतात. ब्योटिगरने पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं आणि बर्लिनच्या आग्फा कंपनीला विकून टाकलं. तेव्हा बर्लिनमध्ये आफ्रिकेच्या वाटपाची परिषद गाजत होती. आग्फाने रंगाला काँगोचं नाव दिलं आणि बक्कळ पैसा केला. बायरबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

१९२२ मध्ये बेनहोल्ड या संशोधकाला हाच रंग अमिलॉइडला धरून बसताना दिसला. १९५९ मध्ये वासर आणि कलिंग या संशोधकांनी त्याच कामासाठी थायोफ्लेविन टी आणला. तोही मूळचा कापडाचाच रंग. मोकळा असताना त्याच्या रेणूचे दोन भाग एकमेकांभोवती गरगरतात आणि प्रकाश जवळजवळ पडतच नाही. प्रथिनाच्या तंतूत अडकला की फिरणं थांबतं आणि ४८२ नॅनोमीटरच्या आसपास लख्ख उजेड पडतो. आजही बहुतेक प्रयोगशाळांची भिस्त याच्यावरच आहे.

पण हा साक्षीदार उशिरा पोचतो. तो ओळखतो ते मुख्यतः तयार झालेले तंतू. अल्झायमरमध्ये चेतापेशींना खरा अपाय तंतूंच्या आधीच्या, मोजक्या रेणूंच्या गुठळ्या करतात, असं अनेक संशोधकांचं मत आहे, आणि नेमक्या त्याच त्याच्या नजरेतून निसटतात.

म्हणून रंग बाहेरून टाकण्याऐवजी गुठळ्या करणाऱ्या पेप्टाइडलाच, म्हणजे त्या छोट्या प्रथिनालाच, जोडायची युक्ती निघाली. तिचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं, की शरीरात असतं तेवढ्या प्रमाणात अमिलॉइड बीटा, म्हणजे अल्झायमरमधलं हे पेप्टाइड, खरं तर विरघळलेलंच राहायला हवं. मग गुठळ्या होतातच कशा? याच गटात तयार झालेले कांचन गराई पुढे अमेरिकेत सेंट लुईसला गेले आणि तिथे कार्ल फ्रीडन यांच्यासोबत त्यांनी या पेप्टाइडला टेट्रामिथिलऱ्होडामिन हा चमकणारा रंग जोडला. या रंगाची खोड अशी, की त्याचे दोन रेणू अगदी खेटले की दोघेही मंदावतात. त्यामुळे इथे सगळं उलटं: पेप्टाइडं एकत्र आली की उजेड घटतो. थायोफ्लेविन अजून काळोखात असतो तेव्हाच ही घट मोजता येते. त्या दोघांचा २०१३चा शोधनिबंध मी कादंबरीसारखा वाचला.

तरी एक खोट उरते. अमिलॉइड बीटाचं वजन साधारण ४,५०० डाल्टन आणि रंगाचं ४३०च्या घरात, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. शिवाय ऱ्होडामिनची मोठी सपाट वलयं स्वतःच एकमेकांना चिकटू पाहतात. मग गुठळी पेप्टाइडने केली की रंगाने? यावर उपाय एकच: बिनरंगी पेप्टाइड शेजारी ठेवून तोच प्रयोग करायचा, किंवा त्यात रंगीत पेप्टाइड अगदी थोडं मिसळून बघायचं. ज्या निबंधात ही तुलना नसते, त्यातला आलेख कितीही देखणा असो, माझा त्यावर विश्वास बसत नाही.