कायद्याला यंदाच की थांबून?
खंडाळ्यात (लोणावळ्याशेजारच्या नव्हे, साताऱ्याच्या) बारावीनंतर वकिलीच्या दोन वाटा दिसतात: लगेच पाच वर्षांचा अभ्यासक्रम, नाहीतर पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याची सीईटी असते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. साताऱ्याचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय एसटीच्या टप्प्यात आहे.

न्यायाधीश व्हायचे असेल तर हिशेब बदलतो. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. ती तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची. अशांनी थांबू नये, असे मला वाटते. बाकीच्यांनी शिरवळच्या कारखान्यात दोन पैसे गाठीला बांधून यायला हरकत नाही. फक्त नोकरी करत घरबसल्या एलएलबी होईल, या भ्रमात राहू नका; वर्गातली हजेरी लागते.